जंपरची वायर आणि कामगाराची बोटे

चाके आत घेता येणाऱ्या छोट्या विमानात चाके उतरून पक्की बसली की नाही, हे वैमानिकाला बहुधा डोळ्यांनी दिसत नाही. ते तीन हिरवे दिवे सांगतात आणि ते दिवे लागतात चाकांजवळच्या लिमिट स्विचमुळे. विमान जमिनीवर असताना चाके चुकून आत जाऊ नयेत, यासाठीही एक स्विच असतो. चिखल, ओल आणि हादरे यांनी हे स्विच बिघडतात, जागचे सरकतात. म्हणून ठराविक काळाने विमान जॅकवर उचलून चाके आतबाहेर करून पाहतात आणि तपासणारा नोंदवहीत सही करतो.

या काळजीमागे अनुभव आहे. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे मोठे प्रवासी विमान मायामीजवळ दलदलीत कोसळले. १०१ जणांचा मृत्यू झाला. पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून वैमानिक त्यातच गुंतले आणि विमान खाली येत असल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. चाक नीट उतरले होते. फक्त बल्ब गेला होता.

याच जातीचे स्विच भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत पॉवर प्रेसच्या गार्डवर असतात. गार्ड उघडला की मशीन थांबावे, हे त्यांचे काम. तेल आणि धातूच्या चुऱ्याने स्विच अडकतो, मशीन वारंवार बंद पडते, उत्पादनाचे टार्गेट हुकते. मग कुणीतरी पॅनेलमध्ये जंपरची वायर टाकून स्विच बायपास करतो. मशीन चालू होते, पण गार्ड उघडा असला तरी ते आता थांबणार नाही. पुढच्या शिफ्टच्या कामगाराला याचा पत्ताही नसतो. गेलेले बोट बहुतेकदा परत जोडता येत नाही आणि त्यासोबत हातातले कसबही जाते.

धोकादायक यंत्रभागांना संरक्षक आवरण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच केली होती. आवरणाचा स्विच निकामी करणे म्हणजे आवरण काढून ठेवण्यासारखेच. त्यामुळे अपघातानंतर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढे लिहून मोकळे होता येणार नाही. वायर तुटली तरी मशीन थांबेल अशीच जोडणी हवी. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला गार्ड उघडून मशीन थांबते का, हे पाहावे आणि सही करावी. बायपास सापडला तर मशीन तिथेच बंद ठेवण्याचा अधिकार कामगाराला असावा, त्याचा पगार न कापता. या तपासणीला लागतात जेमतेम दोन मिनिटे.