पंख्याची भूक

ट्रकचा इंजिनावरचा पंखा काढून विजेचे पंखे बसवण्याचा मोह मला समजतो. पट्ट्यावरचा पंखा गरज नसतानाही फिरतो, आणि त्याचा वेग दुप्पट झाला की आठपट शक्ती खातो! विजेचा पंखा पाणी तापले तरच फिरतो. पण त्याची वीज तरी कोठून येते? अल्टरनेटरमार्फत इंजिनाकडूनच! शिवाय बोरघाटात भरलेली गाडी खालच्या गिअरात रांगते, तेव्हा समोरून वारा बेताचा आणि उष्णता मात्र अफाट. तेथे पंखे तोकडे पडले, तर इंजिनाचे हेड वाकायला वेळ लागत नाही. आणि कित्येक घरांची चूल एकाच ट्रकवर पेटते. म्हणून माझे मत सरळ आहे: हलक्या गाडीवर हौस खुशाल भागवावी, घाट चढणाऱ्या ट्रकचा खादाड पंखा मात्र सुखाने पोसावा.