थंडावा कोणाच्या मालकीचा?

खानदेशच्या उन्हाळ्याचे वर्णन करण्यात मी शाई खर्च करणार नाही. ज्याने एरंडोलच्या बसस्थानकावर वैशाखातली एक दुपार काढली आहे त्याला ते सांगावे लागत नाही, आणि ज्याने काढलेली नाही त्याला ते पटत नाही. मला लिहायचे आहे ते त्या उन्हात माणूस बरोबर घेऊन हिंडतो त्या थंडाव्याविषयी.

या थंडाव्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पहिली युक्ती मातीची. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जलद. म्हणूनच कोकणच्या दमट हवेत सुस्तावणारा माठ आपल्याकडे चैत्र-वैशाखात खरा पराक्रम गाजवतो. परंतु माठ काखोटीस मारून प्रवासाला निघता येत नाही. मग मालमोटारीच्या तोंडाशी कॅनव्हासची ओली पिशवी लटकू लागली, फिरकीच्या तांब्याला ओले फडके गुंडाळले जाऊ लागले. आपल्या फिरत्या शीतपेटीचे हे पूर्वज होत.

दुसरी युक्ती थंडी निर्माण करण्याची नव्हे, तर राखण्याची. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बोस्टनहून गलबतात भरलेला बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास उतरवला. विषुववृत्त ओलांडूनही तो बर्फ टिकला तो वेष्टनामुळे. लाकडाच्या भुशासारख्या वस्तूंत कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. 1892 साली जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने त्याच्या उलट केले. त्याने दोन भिंतींमधली हवाच काढून टाकली. त्यातून जन्मलेला थर्मास 1904 पासून जर्मनीत विकला जाऊ लागला. 1953 साली रिचर्ड लॅरमी यांना अमेरिकेत हाती नेण्याच्या बर्फपेटीचे पेटंट मिळाले. पुढे थर्मोकोल आणि फोम आले, म्हणजे पुन्हा भुशाचेच तत्त्व नव्या वेषात! आज आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि दुकानाच्या ओट्यावर दिसणारा थंड पाण्याचा वीस लिटरचा जार हा याच घराण्यातला.

या जाराकडे पाहून आमच्यातील पुष्कळांना माठाची आठवण होते आणि गळा दाटून येतो. मला हा उमाळा मान्य नाही. माठातले पाणी गार होते खरे, पण ते सर्वांचे होते काय? कोणी भांडे बुडवायचे आणि कोणी दूर उभे राहून ओंजळीत वरून धार घ्यायची, हे जातीने ठरलेले होते. साध्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला. आपल्या शेजारच्या अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. तेव्हा माठाचे गुणगान करताना जरा जपून! तोटी फिरवणाऱ्याची जात जार विचारत नाही, ही त्याची थोरवी मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु जार पैसे विचारतो. ज्याने जार मागवला त्याच्या ओट्यावरचे पाणी त्याच्याच गिऱ्हाइकाचे. रस्त्याने जाणाऱ्या हमालाने तेथे पेला उचलावा की नाही, याचा त्याला विचार पडतो. शिवाय गार म्हणजे शुद्ध नव्हे, हेही आपण विसरू लागलो आहोत. जिभेला थंड लागले की पोटालाही मानवले, असे होत नाही.

याच शीतपेटीचे एक रूप मात्र मला वंदनीय वाटते. 1985 साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून आरोग्यसेविकेच्या खांद्यावरची निळी-पांढरी पेटी गोठवलेल्या पाण्याच्या पाकिटांच्या आधाराने 2 ते 8 अंश तापमान राखत वाड्या-वस्त्यांवर जात आली आहे. 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात या पेटीचाही वाटा आहे. तिच्यातला थंडावा पोहोचवणारीच्या मालकीचा नसतो. ज्या बाळाच्या दंडाला सुई टोचायची त्याचा असतो. वस्तू तीच, परंतु ती कोणासाठी उघडते यावर तिची किंमत ठरते.

आखाजीला आपण घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतो. गेलेल्यांच्या तहानेची एवढी काळजी वाहणाऱ्या समाजाने जिवंत वाटसरूला मात्र बाटली विकत घ्यायला लावावी, हे मला विसंगत वाटते. तेव्हा माझी सूचना साधी आहे. यंदाच्या फाल्गुनापासून आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, आत नव्हे, सावलीत दोन रांजण असावेत. पाणी गाळलेले व निर्जंतुक केलेले असावे, भरण्याची पाळी वर्गवार सर्वांवर यावी आणि ओगराळे लांब दांड्याचे, सर्वांना एकच असावे. प्राध्यापक मंडळींनीही पाळी घ्यावी, ही नम्र विनंती. खर्च फारसा येणार नाही. लागेल ती रोज सकाळी उठून पाणी भरण्याची तयारी, आणि ती विकत मिळत नाही.