रूप पालटतें, खातें पालटत नाहीं

बुद्धिबळाच्या पटावर प्यादें सरकत सरकत शेवटच्या घरांत पोंचलें म्हणजे त्याचा वजीर होतो, हा नियम आपल्याकडील वडील मंडळींस ठाऊक आहे. एकेक घर चालणारें प्यादें क्षणांत साऱ्या पटावर सत्ता गाजवूं लागतें, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. कारण तें तेथपर्यंत चालत गेलेलें दोघांनींहि पाहिलेलें असतें. रूपांतराची हीच कल्पना अलीकडील एका परदेशी पत्त्यांच्या खेळांत फार पुढें नेलेली आहे. त्या खेळाचें नांव निघतांच कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात, व कित्येक विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. दोन्ही पक्षांस आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत, म्हणून हा लेख.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ अमेरिकेंत १९९३ सालीं निघाला. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड हे त्याचे कर्ते, व 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही त्याची प्रकाशक मंडळी. नेहमींच्या बावन पत्त्यांसारखा हा ठराविक जोड नव्हे. हजारों निरनिराळ्या पत्त्यांतून प्रत्येक खेळाडूनें आपला जोड आपणच बांधावयाचा असतो. प्रत्येकाजवळ आरंभीं वीस प्राण असतात. जमिनीच्या पत्त्यांतून बळ काढावयाचें, त्या बळानें मंत्र टाकावयाचे, प्राणी उभे करावयाचे, आणि प्रतिपक्षाचे वीस प्राण शून्यावर आणावयाचे, असा हा खेळ आहे. प्राण्याच्या पत्त्यावर दोन आंकडे छापलेले असतात. पहिला मारण्याचा, दुसरा सोसण्याचा. एका पाळींत सोसण्याच्या आंकड्याइतके घाव बसले कीं प्राणी मेला. तो वांचला, तर पाळी संपतांना त्याचे घाव पुसले जातात. इतकें समजलें म्हणजे पुढील विवेचन ध्यानांत येईल.

या खेळांतील नेहमींच्या पत्त्यांची पाठ एकसारखी असते. नाहींतर हातांतील पत्ता समोरच्यास ओळखूं येईल. सप्टेंबर २०११ मध्यें 'इनिस्ट्राड' नांवाचा संच निघाला, व त्यांत प्रथमच दोन्ही बाजूंस चित्र छापलेले पत्ते आले. युरोपांतील जुन्या भयकथांत रात्रीं लांडगा होणारा माणूस असतो. त्या वृकमानवाची कल्पना या संचांत घेतली आहे. 'एस्टवाल्डचे गांवकरी' हा त्यांतील एक पत्ता पहा. पुढील बाजूस साधे गांवकरी. मारण्याचा आंकडा दोन, सोसण्याचा तीन. मागील बाजूस त्यांचाच झालेला लांडग्यांचा कळप; मारण्याचा चार, सोसण्याचा सहा. हा पत्ता केव्हां उलटावा हें खेळणाराच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. मागील पाळींत कोणींहि एकसुद्धां मंत्र टाकला नसेल, तर पुढील पाळीच्या आरंभीं गांवकऱ्यांचा कळप होतो. आणि मागील पाळींत एकाच खेळाडूनें दोन किंवा अधिक मंत्र टाकले असतील, तर कळपाचे पुन्हां गांवकरी होतात. गांव निजलें कीं लांडगा जागा होतो, आणि गलबला झाला कीं तो पळतो, असाच याचा अर्थ. ज्यास कळप हवा, त्यास हात आंवरून आपली पाळी रिकामी घालवावी लागते. ज्यास तो नको, त्यास दोन मंत्रांचा खर्च सोसावा लागतो. फुकट कोणासच कांहीं मिळत नाहीं.

परंतु ज्या नियमाकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे, तो याच्याहि पुढचा आहे. पत्ता उलटला म्हणजे प्राणी नवा झाला, कीं जुनाच राहिला? नियमांचें उत्तर निःसंदिग्ध आहे. तो जुनाच. नांव बदललें, चित्र बदललें, आंकडे बदलले, अंगचे गुणहि बदलले. तरी जो उलटला तो तोच. त्या पाळींत बसलेले घाव त्याच्या नांवावर तसेच राहतात. सहा सोसणाऱ्या कळपावर चार घाव बसले, आणि दुसऱ्या एखाद्या मंत्राच्या योगानें त्याच पाळींत त्याचे तीन सोसणारे गांवकरी झाले, तर ते तत्काळ मरतात. 'हे घाव लांडग्यांना बसले होते, आम्हांला नव्हेत,' अशी सबब तेथें चालत नाहीं. त्याचप्रमाणें पूर्वीं मिळालेल्या बळवाढीच्या खुणाहि त्याच्या अंगावर कायम राहतात. त्याला जोडलेले वर आणि शाप, नव्या रूपास ते लागूं पडत असतील तोंवर, सुटत नाहींत. मैदानांत नुकत्याच आलेल्या प्राण्यास साधारणतः त्या पाळींत हल्ला करतां येत नाहीं. रूप बदलून ही अट चुकवितां येत नाहीं, आणि ज्यानें ती एकदां पाळली आहे त्यास ती पुन्हां लागतहि नाहीं. थोडक्यांत, रूप पालटतें, खातें पालटत नाहीं.

या तत्त्वास प्रथम एक अपवाद राहिला होता, आणि त्याची हकीकत बोधप्रद आहे. अशा पत्त्याच्या मागील बाजूवर किंमत छापलेली नसते. म्हणून आरंभीं उलटलेल्या प्राण्याची किंमत शून्य धरीत. तीन एकक बळ वेंचून आणलेले गांवकरी लांडगे झाले, कीं हिशेबांत त्यांचें मोल कांहींच नाहीं! २०१६ सालीं हा नियम बदलला, आणि मागील बाजूची किंमतहि पुढील बाजूइतकीच धरावी असें ठरलें. आमच्या मतें हा बदल सर्वस्वीं न्याय्य होता. ज्या श्रमानें एखादी गोष्ट आपल्याकडे आली, ते श्रम तिनें वेष बदलल्यानें नाहींसे होत नाहींत.

आतां याची दुसरी बाजू पहा. तोच प्राणी मैदान सोडून गेला, म्हणजे मेला किंवा खेळणाराच्या हातांत परत गेला, आणि मागाहून पुन्हां आला, तर नियम त्यास अगदीं नवा समजतात. तो सामान्यतः पुढील बाजूनेंच येतो. जुने शाप त्याच्यावर नसतात, पण कमावलेल्या बळाच्या खुणाहि नसतात. आणि नवख्यासारखी एक पाळी त्यास थांबावें लागतें. म्हणजे ज्यास मागील सर्व देणें बुडवावयाचें असेल, त्यास मागील सर्व कमाईवरहि पाणी सोडावें लागतें. देणें तेवढें बुडावें आणि येणें तेवढें राहावें, असा मार्ग नियमकर्त्यांनीं ठेवलेला नाहीं.

आपल्या मुलांस अधिक परिचयाचा असलेला 'पोकेमॉन' पत्त्यांचा खेळ जपानांत १९९६ सालीं निघाला. त्यांत पत्ता उलटत नाहीं. लहान प्राण्याच्या पत्त्यावर मोठ्या प्राण्याचा पत्ता ठेवतात. १९९९ च्या इंग्रजी संचांत चारमँडरचें आयुष्य पन्नास, त्याच्यावर येणाऱ्या चारमिलियनचें ऐंशी, आणि शेवटच्या चारिझार्डचें एकशेंवीस होतें. चारमँडरला तीस घाव बसल्यावर त्याचा चारमिलियन केला, तर ते तीस ऐंशींतून वजा होतात व पन्नास उरतात. घाव राहतात, तशी त्याला जोडलेली शक्तीहि राहते. मात्र झोंप, विष, भ्रम असे विकार वाढीबरोबर गळून पडतात, आणि लहानपणचे डावपेंच नव्या रूपास वापरतां येत नाहींत. ज्या पाळींत प्राणी मांडला त्याच पाळींत त्याची वाढ करतां येत नाहीं, व एका पाळींत दोन पायऱ्या चढतां येत नाहींत. मधली पायरी गाळूं देणारा 'रेअर कँडी' म्हणून एक पत्ता आहे; परंतु नुकत्याच मांडलेल्या प्राण्यावर तोहि चालत नाहीं. दोन देशांत, दोन निराळ्या मंडळींनीं रचलेल्या या दोन खेळांनीं रूपांतराच्या मुख्य प्रश्नाला एकच उत्तर द्यावें, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

विद्यार्थिमित्रहो, आतां आमचें म्हणणें ऐका. हा खेळ खेळणारांत जीं भांडणें होतात, तीं बहुधा नियम मुळींच ठाऊक नसल्यामुळें होत नाहींत. अर्धा नियम ठाऊक असल्यामुळें होतात. पत्ता उलटल्यावर बळाच्या खुणा राहतात एवढें ज्याला आठवतें, त्याला घावहि राहतात हें नेमकें आठवत नाहीं. आपल्या फायद्याचें अर्धें पान पाठ, आणि तोट्याचें अर्धें पान कोरें! असा खेळाडू डाव जिंकेल; परंतु त्याच्या शब्दावर पुन्हां कोणी विश्वास ठेवणार नाहीं, आणि ज्याच्याशीं खेळावयास कोणी येत नाहीं त्याचा पत्त्यांचा जोड कितीहि भारी असला तरी कागदाचाच गठ्ठा. मोठ्या स्पर्धांत या खेळास पंच असतात. तेथें स्वतःच्या हातून झालेली चूक लक्षांत येऊनहि फायद्यासाठीं गप्प बसणें हें फसवणुकींत गणलें जातें, व त्याबद्दल खेळाडूस स्पर्धेंतून काढून टाकतात. घरच्या ओसरीवर पंच नसतो. म्हणूनच खरी परीक्षा तेथें होते.

आणि हा प्रश्न पत्त्यांपुरता नाहीं. आपण सर्वच जण वर्षावर्षाला रूप पालटीत असतों. इयत्ता बदलते, गणवेष बदलतो, शाळा सुटून कॉलेज येतें. 'आतां मी मोठा झालों,' असें म्हणून मागच्या वर्षीं मित्राकडून घेतलेलें पुस्तक विसरणें, किंवा धाकट्या भावास दिलेलें वचन मोडणें सोपें असतें. वरच्या वर्गांत गेल्यानें तें देणें फिटलें असें होत नाहीं. परंतु या नियमांत दिलासाहि आहे. ज्याचें एखादें वर्ष वाईट गेलें, ज्याला एखाद्या विषयानें घायाळ केलें, त्याच्या अंगीं मुरलेली मेहनत पुढील इयत्तेंत त्याच्याबरोबरच जाते. ती कोणी काढून घेत नाहीं. घावांचा हिशेब जितका खरा, तितकाच कमाईचा हिशेब खरा.

पालकांसहि दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. मंत्र, शाप, लांडगे हीं नांवें ऐकून भिण्याचें कारण नाहीं. आपल्या आजीबाईंच्या गोष्टींतहि राक्षस होते, आणि त्यांनीं आपण बिघडलों नाहीं. भिण्याचें कारण निराळें आहे, आणि तें पैशाचें आहे. हे पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. आंत कोणते पत्ते आहेत हें फोडल्यावांचून कळत नाहीं, आणि दुर्मिळ पत्त्याच्या आशेनें एकामागून एक पाकीट फोडण्याची चट लागते. ही सोडतीची चट आहे. तिला खेळाचें नांव देऊं नये. ज्या मुलास पाकिटें फोडण्यांतच आनंद वाटतो आणि खेळण्यांत वाटत नाहीं, त्याचा हात आईबापांनीं अवश्य धरावा. पण ज्या मुलाजवळ एकच साधा जोड आहे, आणि जो त्यांतील प्रत्येक पत्त्यावरील बारीक अक्षरांतील मजकूर वाचून 'जर' कोठें आहे, 'तर' कोठें आहे, 'किंवा अधिक' म्हणजे किती, याचा विचार करतो, तो वेळ फुकट घालवीत नाहीं. काळजीपूर्वक वाचण्याची ती शिकवण आहे. पुढें करारपत्र वाचतांना किंवा परीक्षेंतील प्रश्न समजून घेतांना तीच उपयोगी पडेल.

म्हणून सरसकट बंदी आम्हांस पसंत नाहीं. आणि मोकळें रानहि पसंत नाहीं. ज्या घरीं हा खेळ चालतो, तेथें आईबापांनीं एकच अट घालावी असें आम्ही सुचवितों. पत्ता उलटतांना खेळाडूनें प्रथम मोठ्यानें आपल्यावरील घाव व शाप सांगावे, मग आपलें बळ सांगावें. या एका अटीनें निम्मीं भांडणें मिटतील. अट ज्याला जाचक वाटेल त्याचे पत्ते कांहीं दिवस कपाटांत ठेवावे. आणि जो ती आपण होऊन पाळील, त्याच्याबरोबर वडिलांनींहि एखादा डाव मांडून बसावें. आपला पोर आपल्याविरुद्ध जाणारा नियम आपण होऊन सांगतो, हें ऐकण्यासारखें सुख थोडें आहे.