एक डॉलरची बॅटमोबाइल

फक्त एक डॉलर! तेवढ्यात जॉर्ज बॅरिस नावाच्या माणसाने १९६५ मध्ये फोर्ड कंपनीकडून एक अख्खी गाडी घेतली. कागदोपत्री व्यवहार हवा म्हणून नावापुरता टेकवलेला एक डॉलर. आणि जानेवारी २०१३ मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला लिलाव झाला, तेव्हा तीच गाडी गेली ४६ लाख २० हजार डॉलर्सना. त्या वेळच्या भावाने साधारण पंचवीस कोटी रुपये. तुमच्या म्युच्युअल फंडवाल्याला हा किस्सा सांगून बघा. बिचारा दोन दिवस फोन करणार नाही.

गाडी कुठली ते तुम्ही ओळखलंच असेल. बॅटमोबाइल! ख्रिस्तोफर नोलनच्या सिनेमातला तो रणगाडा नव्हे. आम्ही बोलतोय ओरिजिनलबद्दल. १२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेत एबीसी चॅनलवर ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली, त्यातली. काळीभोर, कडांना भडक रंगाची रेघ, मागे वटवाघळासारखे पंख, डोक्यावर काचेचे दोन बुडबुडे. मालिका स्वतःचीच टिंगल करणारी. मारामारी सुरू झाली की पडद्यावर ‘पॉव’, ‘झॅप’ अशी रंगीत अक्षरं उमटायची. आज बघायला बसलात तर पहिली दहा मिनिटं कपाळावर हात माराल आणि मग सलग चार एपिसोड संपवाल.

पण आजचा विषय किमतीचा नाहीये. विषय असा की, गाडीचं भाव वाढून सोनं झालं आणि गाडीत बसणाऱ्यांचं काय झालं?

आधी गाडीची कुंडली. ही गाडी जन्माने बॅटमोबाइल नव्हतीच. फोर्डच्या लिंकन विभागाने १९५५ मध्ये ‘फ्युचुरा’ नावाची कन्सेप्ट कार केली होती. उद्याची गाडी कशी दिसेल, हे लोकांना दाखवण्यापुरती. बॉडी इटलीत, तुरिनच्या घिया कंपनीत हाताने घडवलेली. ऑटो शोमध्ये मिरवून झाली, मग १९५९ च्या ‘इट स्टार्टेड विथ अ किस’ या सिनेमात लाल रंग फासून नाचवली. त्यानंतर थेट बॅरिसच्या आवारात. वर्षानुवर्षं धूळ खात! उद्याची गाडी दहा वर्षांत कालची झाली होती. आपल्या ड्रॉवरमधले जुने मोबाइल आठवतायत ना? तसंच.

बॅरिस हा हॉलिवूडचा नावाजलेला कस्टमायझर. म्हणजे गाडी कापून, जोडून, ठोकून तिला भलतंच रूप देणारा कारागीर. बॅटमॅनच्या गाडीचं काम खरं तर आधी डीन जेफ्रीज या दुसऱ्या कारागिराकडे गेलं होतं. तो एका कॅडिलॅकवर कामालाही लागला होता. पण चॅनलने मालिका ठरल्यापेक्षा आधी आणायची ठरवली आणि एवढ्या घाईत ते जमेना. बॅरिसच्या हातात तीन आठवडे होते. डेडलाइन म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नवीन काही घडवायला वेळच नव्हता. मग त्याची नजर पडली त्या धूळ खाणाऱ्या फ्युचुरावर. मागे पंख आयतेच, घुमट आयते. नाकाडाला जरा वटवाघळाचा चेहरा द्यायचा, काळा रंग मारायचा, झालं.

आणि इथेच बॅरिसने त्याच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट केली. गाडी स्टुडिओला विकली नाही. भाड्याने दिली. पडद्यावर मालक ब्रूस वेन, प्रत्यक्षात मालक जॉर्ज बॅरिस! मालिका हिट झाल्यावर फोर्ड गॅलक्सीच्या सांगाड्यावर फायबरग्लासच्या तीन प्रतिकृती बनवून त्याने कार शोमध्ये फिरवायला सुरुवात केली. मूळ गाडी पन्नासच्या आसपास वर्षं स्वतःकडेच ठेवली आणि मग त्या लिलावात काढली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये बॅरिस गेला, तेव्हा सगळ्या बातम्यांमध्ये त्याच्या नावाआधी हीच गाडी होती.

बरं, गाडी काही फार गुणाची नव्हती. शूटिंगमध्ये इंजिन तापायचं, बॅटरी बसायची, टायर फुटायचे. शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्सही गॅलक्सीचे बसवावे लागले. बॅटकेव्हमधून ती सुसाट बाहेर पडते ना, तो शॉट लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनचा. बोगद्याचं तोंड इतकं अरुंद की दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंच मोकळे. गाडी अक्षरशः रांगत बाहेर काढायचे आणि कॅमेरा कमी वेगाने फिरवायचे, म्हणजे पडद्यावर ती भन्नाट पळताना दिसायची. सगळा वेग एडिटिंग टेबलवरचा, बॉस!

आता माणसं. रॉबिनचं काम करणारा बर्ट वॉर्ड तेव्हा विशीतला पोरगा. त्याने हा किस्सा अनेकदा सांगितलाय. पहिल्याच दिवशी गाडीतला स्टंट. हा बसायला गेला तर शेजारी बॅटमॅनच्या वेशात स्टंटमन. ॲडम वेस्ट कुठाय? तर आरामात बाजूला कॉफी पितोय. वॉर्डने विचारलं, मग माझा स्टंटमन? तर उत्तर मिळालं की बॅटमॅनचा चेहरा झाकलेला आहे, तुझा अर्धा उघडा आहे, डमी लगेच ओळखू येईल. वळणावर याच्या बाजूचं दार उघडलं. हा आतलं काहीतरी धरून लटकला आणि बोटाचा सांधा निखळला. पहिल्या दिवशी थेट हॉस्पिटल! पगार? त्याच्याच सांगण्यानुसार आठवड्याला ३५० डॉलर्स. मालिका देशभर गाजत होती, आठवड्यातून दोन रात्री दाखवत होते, रॉबिनच्या खेळण्या-बिडण्यांनी दुकानं भरली होती आणि पोराच्या हातात साडेतीनशे. सीटीसी सोडा, इथे रिस्क अलाउन्सचाही पत्ता नाही.

बॅटमॅन झालेला ॲडम वेस्ट वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वाला गावचा. (गावाचं नाव खरंच तेच आहे.) एका चॉकलेट पावडरच्या जाहिरातीत त्याने जेम्स बॉण्डछाप गुप्तहेराची नक्कल केली होती, ती बघून त्याला निवडलं. निवड जबरदस्त होती. कारण वेडगळातलं वेडगळ वाक्य तो चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणायचा. लोक म्हणतात, त्याला ॲक्टिंग येत नव्हती. माझं मत साफ उलटं आहे. घट्ट पोशाखात, दोन टोकदार कान लावून, शार्कला हाकलायचा स्प्रे मागताना हसू न येणं, याला ॲक्टिंगच म्हणतात.

मार्च १९६८ ला १२० एपिसोड करून मालिका बंद पडली आणि वेस्टची खरी परीक्षा सुरू झाली. जाईल तिथे बॅटमॅन. सीरियस रोलसाठी त्याच्याकडे कुणी बघेचना. तोंड झाकलेलं होतं तरी टाइपकास्ट झालेला हा बहुधा पहिलाच! पैशासाठी त्याला पुन्हा तोच पोशाख चढवून जाहीर कार्यक्रमांना, कार शोना हजेरी लावावी लागली. जरा डोळ्यांसमोर आणा. कार शो. तिकीट काढून आलेले लोक. मध्ये गाडी, तिचं भाडं मालकाला. शेजारी माणूस, त्याची हजेरी रोजंदारीवर.

सत्तरच्या दशकात अमेरिकन सरकारच्या कामगार खात्याने समान वेतनाची एक जाहिरात केली. बॅटमॅन आणि रॉबिन टाइमबॉम्बशेजारी बांधलेले. बॅटगर्ल येते, पण सोडवत नाही. आधी विचारते, तेच काम करून मला रॉबिनपेक्षा पगार कमी का? इव्हॉन क्रेग बॅटगर्ल झाली, वॉर्ड रॉबिन झाला. वेस्टने मात्र काम केलं नाही. त्या काळात तो या पोशाखापासून लांब पळत होता, म्हणून बॅटमॅन दुसऱ्याच नटाने केला. पुढच्या अप्रेजलच्या आधी एचआरला ही जाहिरात जरूर दाखवा. (ज्याच्या पगाराचा दाखला दिला जात होता, त्या रॉबिनला किती मिळत होतं ते वर आलंच आहे.)

वेस्टच्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग १९९२ चा. बॅटमॅनची कार्टून मालिका जोरात होती. तिच्यात एक एपिसोड आला, ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’. त्यात सायमन ट्रेंट नावाचा म्हातारा नट आहे. एके काळी टीव्हीवर सुपरहिरो होता. आता काम नाही, कारण लोकांना त्याच्यात फक्त तो सुपरहिरोच दिसतो. भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून त्याने आपल्या मालिकेची जुनी खेळणी विकलीत. त्यात छोट्या गाड्याही आहेत! आणि त्याच गाड्यांमध्ये बॉम्ब घालून कुणीतरी शहर उडवतंय. लहानपणी ही मालिका बघून मोठा झालेला बॅटमॅन त्याची मदत मागायला जातो. ट्रेंटला आवाज दिलाय ॲडम वेस्टने. स्वतःचीच कहाणी, दुसऱ्याच्या नावाने. बावीस मिनिटांचं कार्टून, पण घशात आवंढा येतो.

त्यानंतर गडी खुलला. ‘फॅमिली गाय’मध्ये ॲडम वेस्ट याच नावाच्या चक्रम महापौराला त्याने वर्षानुवर्षं आवाज दिला. ज्या गोष्टीपासून पळाला होता, तिचीच गंमत करून नव्या पिढीचा लाडका झाला.

तोवर त्याच काळातल्या एका दुसऱ्या गाडीची गोष्ट. बॅटमोबाइलचं काम हुकलेल्या डीन जेफ्रीजला १९६६ मध्ये त्याच निर्मात्याच्या ‘द ग्रीन हॉर्नेट’ मालिकेची गाडी मिळाली. नाव ब्लॅक ब्यूटी. क्रायस्लरच्या इम्पिरियल क्राउनवर बनवलेली, हिरव्या हेडलाइट्सची. माझ्या मते बॅटमोबाइलपेक्षा देखणी, कारण उगाच नटवलेली नाही. मालिका २६ एपिसोडमध्ये आटोपली. हिरो होता व्हॅन विल्यम्स. पण गाडी चालवणारा, काळा मास्क लावलेला शोफर केटो आठवतो का? तो होता ब्रूस ली! हाँगकाँगमध्ये तर लोक या मालिकेला ‘केटो शो’च म्हणायचे. हॉलिवूडने पुढेही मोठा रोल दिला नाही, म्हणून तो हाँगकाँगला गेला आणि १९७१ च्या ‘द बिग बॉस’ने सगळं चित्र पालटलं. मालकाच्या आधी ड्रायव्हरचं नाव घेतलं जातं, अशी माझ्या माहितीतली ही एकमेव मालिका.

त्याही आधी १९५२ ते १९५८ या काळात जॉर्ज रीव्हज सुपरमॅन होता. उडणाऱ्याला गाडी कशाला? पण क्लार्क केंटला लागायची. तो ऐटीत नॅश-हीली चालवायचा, म्हणजे अमेरिकन इंजिनची आणि ब्रिटिश घडणीची स्पोर्ट्स कार. वर्तमानपत्राच्या रिपोर्टरला ती कशी परवडायची, हे एक फ्रीलान्सर म्हणून मला आजही कळलेलं नाही. जून १९५९ मध्ये, ४५ व्या वर्षी, रीव्हज घरात गोळी लागून गेला. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा, शंका आजवर घेतल्या जातात. ‘सुपरमॅनच्या इमेजने त्याला मारलं’ असं सरसकट लिहिलं जातं, ते मला पटत नाही. कुणाच्याही मरणाचं कारण इतकं सुटसुटीत नसतं. त्याच मालिकेतल्या जिमी ओल्सनला, म्हणजे जॅक लार्सनला, तोच शिक्का बसला होता. त्याने ॲक्टिंग सोडून लेखणी धरली, नाटकं लिहिली, ऑपेराचे शब्द लिहिले.

आपल्या शक्तिमानचं बघा. त्याला गाडी लागायचीच नाही, गिरक्या घेत निघायचा. आणि ‘भीष्म’ म्हणून शिक्का बसलेल्या मुकेश खन्नांनी १९९७ मध्ये ती मालिका आणली ती स्वतः निर्माता होऊन. म्हणून २०२२ मध्ये शक्तिमानवर सिनेमा काढायची घोषणा झाली, तेव्हा मोठ्या स्टुडिओला त्यांच्या कंपनीला बरोबर घ्यावं लागलं. वेस्ट आणि वॉर्डकडे अशी काही चावी नव्हती. त्यांची मालिका तर हक्कांच्या भांडणात इतकी अडकली की घरी बघायच्या डिस्क बाजारात यायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला.

एप्रिल २०१२ मध्ये वेस्टला हॉलिवूडच्या फुटपाथवरचा तारा मिळाला. लिलाव त्यानंतर नऊ महिन्यांनी. जून २०१७ मध्ये, ८८ व्या वर्षी तो गेला आणि लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलवर बॅट-सिग्नल झळकला. खाली गर्दीत बर्ट वॉर्ड होता. हा आता महाकाय जातीच्या कुत्र्यांना सांभाळतो.

कंपनीच्या खर्चाने कधी लॉस एंजेलिसला गेलात, तर ब्रॉन्सन कॅन्यन चुकवू नका. तिकीट नाही, थोडं चालावं लागतं. बॅटकेव्ह म्हणजे जुन्या दगडखाणीतला छोटासा बोगदा. आत शिरलात की मिनिटभरात पलीकडून बाहेर. आणि हो, तोंडाशी उभं राहून दोन्ही हात पसरा. एवढ्या जागेतून ती गाडी काढत होते.