जादू काय करते आणि काय करत नाही?

बालमित्रांनो, झाली ना परीक्षा? खानदेशात आता दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. जळगाव म्हणा, धुळं म्हणा, ऊन सगळीकडे सारखंच! तेव्हा सावलीत बसा. आज आपण वर्षभर वाचलेल्या जादूच्या पुस्तकांचा हिशोब मांडू या.

आमच्या वर्गात जूनपासून दर शनिवारी शेवटच्या तासाला एकेक अद्भुत गोष्ट वाचायची, असं ठरलं होतं. वेताळ झाला, राक्षस झाले, बोलणारं बुजगावणंसुद्धा झालं. मुलं खूश! पण एका पालकांनी विचारलं, "बाई, हे सगळं खोटंच ना? तेवढ्या वेळात पाढे तरी पाठ होतील."

प्रश्न रास्त आहे. उत्तर पुस्तकांनाच विचारू.

आधी आपला वेताळ. सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्याच्या गोष्टी आहेत. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. आणि बोलला, की वेताळ पुन्हा झाडावर! आम्ही काय करायचो, राजाने तोंड उघडायच्या आत पुस्तक मिटायचो. मग वर्गात जी जुंपायची! एरवी 'हजर'च्या पुढे न बोलणारी मुलंही, "राजाचं चुकलं, कारण..." असं म्हणू लागली. 'कारण' हा शब्द आला की शिक्षकाला किती आनंद होतो, काय सांगू!

मग आलं ओझचं पुस्तक. अमेरिकेच्या एल. फ्रँक बॉम यांनी ते १९०० साली लिहिलं. त्यातल्या बुजगावण्याला वाटतं, आपल्याला मेंदूच नाही. पण वाटेत अडचण आली की युक्ती सुचते ती त्यालाच! त्यातलं पाचूंचं शहर हिरवंगार दिसतं. का, माहीत आहे? वेशीवरच सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवतात म्हणून. दोस्तांनो, टीव्हीवरची जाहिरात बघताना हा चष्मा आठवून बघा बरं.

शेवटी 'द हॉबिट'. टोल्किन यांचं हे पुस्तक १९३७ सालचं. मीना किणीकरांनी ते मराठीत आणलं आहे. छोट्या बिल्बोला जादूची अंगठी सापडते. ती घातली की तो कुणाला दिसत नाही. हातात तलवार, समोर वाट अडवून बसलेला गॉलम! एका घावात काम झालं असतं. पण बिल्बोला त्याची दया येते. तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो.

बघा, अंगठीने त्याला अदृश्य केलं. पण मारायचं की सोडायचं, हे त्याला स्वतःलाच ठरवावं लागलं. जादू पुष्कळ काही करते, पण आपल्यासाठी विचार करत नाही. वर्षभराच्या वाचनातून आम्हाला मिळालं ते हे.

पालकहो, खरं-खोटं मुलांना चांगलं कळतं. सतरंजीवर बसून कुणी गच्चीवरून उडी मारत नाही! आणि कल्पनेचं आपल्या मातीला वावडं थोडंच आहे? धरणगावात १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, ती १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात. तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे. पुढे त्यांच्या 'फुलराणी'त चक्क एका कळीचं लग्न लागलं. पाढे हवेतच, पण पाढ्यांशेजारी फुलराणीलाही थोडी जागा द्या.

आता सुट्टीचा अभ्यास. आखाजीला आत्या माहेरी येतील, तुम्ही आजोळी जाल. रात्री अंगणात आजीला एक राक्षसाची नाहीतर भुताची गोष्ट सांगायला लावा. ती अहिराणीत सांगेल, तर तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. छापलेली पुस्तकं वाचनालयात पुन्हा मिळतील. आजीची गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही, तर तिच्याबरोबरच संपेल.

वही जूनमध्ये शाळेत आणायची, बरं का!