रईस कोणाचा? बोस्नियाच्या इतिहासातील एक जुना वाद

१/११
‘मुस्लिम समाजाशी बोलायचे, तर कोणाशी?’ हा प्रश्न युरोपातील सरकारे वारंवार विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात : एखादा समंजस नेता शोधावा, त्याला मान्यता द्यावी, म्हणजे संवाद सुरू होईल. हे उत्तर चुकीचे आहे. बोस्नियाने ते शतकापूर्वीच तपासून पाहिले आहे.

२/११
१८७८ च्या बर्लिन परिषदेने हा ऑटोमन प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात दिला. तेथील मुस्लिमांचे धर्मपीठ इस्तंबूलमध्ये होते. ती नाळ सैल करणे ही व्हिएन्नाची गरज होती, आणि काही स्थानिक मुस्लिमांनाही स्वतंत्र धर्मप्रमुख हवा होता. १८८२ साली सम्राट फ्रान्झ जोसेफ याने मुस्तफा हिल्मी हाजिओमेरोविच यांना पहिले ‘रईस-उल-उलेमा’ नेमले.

३/११
आक्षेप त्यांच्या विद्वत्तेवर नव्हता, तर नेमणूक करणाऱ्या हातावर होता. रईस सम्राटाचा आणि वक्फच्या मालमत्तेवर देखरेख सरकारची! अशा पदाला दरबारात मान मिळेल. समाजाने मनापासून ऐकावे, असा अधिकार त्याला कोठून येणार?

४/११
१८९९ साली मोस्तारचे मुफ्ती अली फेहमी जाबिच यांच्या नेतृत्वाखाली चळवळ उभी राहिली. धर्मप्रमुख, वक्फ आणि शाळा यांचा कारभार समाजाच्या हाती असावा, ही तिची मागणी. त्याच काळात ऑर्थोडॉक्स सर्बही आपल्या चर्च व शाळांच्या स्वायत्ततेसाठी झगडत होते. दोन्ही चळवळींच्या नेत्यांनी हातमिळवणी केली.

५/११
हा खरा धर्मसंवाद होता. त्यात गोडगोड भाषणे नव्हती. जमीनदार बहुतांशी मुस्लिम आणि कुळे बहुतांशी ऑर्थोडॉक्स, हा पेच कायमच होता. तरीही समान अन्यायाने दोघांना एकत्र आणले. मात्र आपल्या लोकांच्या वतीने शब्द देण्याची ऐपत दोन्ही बाजूंकडे होती, म्हणूनच ते शक्य झाले.

६/११
ऑर्थोडॉक्स समाजाला १९०५ साली आणि मुस्लिमांना १९०९ साली स्वायत्तता मिळाली. मुस्लिम निवडमंडळाने तीन नावे सुचवावीत आणि सम्राटाने त्यांतील एक निवडावे, अशी तडजोड झाली. ती अपुरी होती. पण यादी आता समाजाची होती.

७/११
सत्तेला ही यादी नेहमीच खुपते. १९३० साली युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर याच्या हुकूमशाहीने ही स्वायत्तता मोडीत काढून धर्मपीठ बेलग्रेडला हलवले. रईस जेमालुद्दीन चाउशेविच यांनी निषेध म्हणून पद सोडले.

८/११
१९४१ साली उस्ताशा राजवटीत सर्बांची कत्तल सुरू असताना सारायेव्होसह अनेक शहरांतील उलेमा व नागरिकांनी जाहीर ठराव करून अत्याचारांचा निषेध केला. सारायेव्होच्या ठरावात तर हिंसा करणाऱ्या मुस्लिमांचाही धिक्कार होता. हे धैर्य कोणत्याही सरकारी नेमणुकीतून आले नव्हते.

९/११
याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९४३ साली नाझींनी बोस्नियन मुस्लिमांची ‘हांजार’ एसएस डिव्हिजन उभारली आणि तिच्यात इमामही होते. तिला आशीर्वाद देण्यासाठी बाहेरून आणले गेले ते जेरुसलेमचे मुफ्ती हुसैनी. त्यांनाही १९२१ साली ते पद ब्रिटिश प्रशासनानेच दिले होते. धर्मपद म्हणजे विवेकाची हमी नव्हे.

१०/११
७ मे १९९३ रोजी बान्या लुका येथील १५७९ सालची फरहादिया मशीद सर्ब राष्ट्रवाद्यांच्या राजवटीत उद्ध्वस्त केली गेली. २००१ साली पुनर्बांधणीच्या पायाभरणीवर जमावाने हल्ला केला. विखुरलेले मूळ दगड शोधून बांधलेली मशीद ७ मे २०१६ रोजी पुन्हा उघडली. दरम्यान, १९९७ साली मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक व ज्यू धर्मप्रमुखांनी आंतरधर्मीय परिषद स्थापन केली होती. २००४ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या घडणीत तिचा सहभाग होता.

११/११
तरीही बोस्नियात ‘एका छताखाली दोन शाळा’ अजून आहेत : इमारत एक, पण बोस्नियाक व क्रोएट मुलांचे वर्ग आणि अभ्यासक्रम वेगळे. नेत्यांचा संवाद वर्गापर्यंत पोहोचला नसेल, तर त्याचा जाब त्या त्या समाजानेच आपल्या नेत्याला विचारायला हवा. वरून नेमलेल्या नेत्याला तो विचारताच येत नाही. म्हणून सरकारांच्या प्रश्नाचे उत्तर एकच : ज्याला त्याचा समाज जाब विचारू शकतो, त्याच्याशी बोला, तो गैरसोयीचा असला तरी.