त्यापेक्षा नवीनच घ्या!

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लोणंदला गेलो होतो. अण्णा (माझे थोरले चुलते) कांद्यावर फवारणी करून बांधावर आले आणि त्यांनी पाठीवरचा पंप उतरवला. सदरा मागून कमरेपर्यंत ओला. मी म्हटलं, "अण्णा, किती घाम आलाय!"

"घाम कुठला लेका, पंप गळतोय."

पंप आणि पाठ यांच्यामध्ये त्यांनी खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक अडकवलं होतं. हा त्यांचा पॅच, दिवाळीपासून प्रॉडक्शनमध्ये. :)

यावर पुण्यात कोड लिहिणाऱ्या इंजिनिअर पुतण्यानं काय म्हणावं? "अण्णा, त्यापेक्षा नवीनच घ्या." नुसतं म्हटलं नाही, तिथंच बांधावर उभं राहून मोबाईलवरून ऑर्डरही टाकली. आपण किती कामाचे, असं वाटलंसुद्धा.

ते वाक्य मी आज मागं घेतोय. आणि ते उठताबसता म्हणणाऱ्या तुम्हा-आम्हा सगळ्यांशी मला भांडायचंय.

आधी त्या ओल्या सदऱ्याबद्दल. त्या टाकीत फुलकिड्यांवरचं 'औषध' होतं. आपण विषाला औषध म्हणतो, तिथंच अर्धा घोळ आहे. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नाका-तोंडातून जातात तशी कातडीतूनही आत जातात. सदरा भिजला की तो तासभर पाठीला चिकटून राहतो, म्हणजे विषाची पट्टीच बांधल्यासारखं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीस तरी शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणं अनेक होती, सगळं गळक्या पंपावर ढकलता येणार नाही. पण तेव्हा टीव्हीवर चर्चा कसली, तर मास्क का घातला नाही, हातमोजे का घातले नाहीत. म्हणजे चूक कुणाची? पाठीवर पंप घेणाऱ्याची! अरे, इंजिनिअरिंगला सेफ्टीचा पहिला धडा काय शिकलो आपण? आधी धोका उगमापाशी थांबवा, अंगावरची साधनं सगळ्यात शेवटी. पाईप फुटला तर आपण घरच्यांना रेनकोट वाटत नाही.

असो. रविवारी पंप घेऊन बसलो. चुलतभावानं एकदा पंप मारून हवा भरायची छऱ्याची बंदूक खोलून दाखवली होती, तेवढाच अनुभव. पण गंमत बघा, ती बंदूक, सायकलचा पंप, रॉकेलचा स्टोव्ह आणि हा फवारणीचा पंप, सगळ्यांच्या पोटात तेच असतं: एक वाटीसारखा वायसर आणि एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह. दाब धरत नसेल तर या दोघांपैकी एक गेलेला असतो, नाहीतर पुढं कुठंतरी गळती असते.

हातमोजे घालून पंप आधी तीन पाण्यानं धुतला. मग स्वच्छ पाणी भरलं. आता डिबगिंग. बटण बंद ठेवून दांडा मारायचा. दांडा घट्ट होऊन तसाच राहिला, तर पंप ठीक आहे आणि दोष पुढं आहे, म्हणजे गाळणी किंवा नोझल. दांडा सोडल्यावर आपोआप हलू लागला, तर दाबाच्या कप्प्याकडं जाणारा व्हॉल्व्ह पाणी मागं सोडतोय. तिथं बहुतेक वेळा कचऱ्याचा एक कण बसलेला असतो. आणि दांडा कितीही मारला तरी हलकाच राहिला, वर सिलिंडरच्या तोंडातून पाणी उसळलं, तर वायसर झिजलाय. आमचा तिसरा नंबर. ते उसळलेलं पाणीच टाकीवरून ओघळून अण्णांच्या पाठीवर येत होतं. फवारा कमी पडतो म्हणून अण्णा दांडा जोरात मारायचे आणि जितका जोर, तितकी पाठ ओली. तीन महिने हे चाललं होतं आणि शोधायला लागली पंधरा मिनिटं.

वायसर घ्यायला दुकानात गेलो. "सुटा येत नाही, पंपच घ्या." दुसऱ्या दुकानात तेच वाक्य. माझंच वाक्य!

२०२२ च्या जुलैत केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाईल, गाड्या, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर शेतीची अवजारंही तिच्या यादीत आहेत. पण अवजार म्हटलं की आपल्याला ट्रॅक्टर दिसतो, पाठीवरचा पंप दिसतच नाही. ऑफिसात जेवताना हा विषय काढला तर लगेच, "ड्रोन येतायत ना आता!" येतायत की. बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायची १,२६१ कोटींची योजना २०२३ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. माझं ड्रोनशी वैर नाही. पण अण्णांचा वीस गुंठे कांदा ड्रोनची वाट बघत थांबत नाही, आणि फुलकिडे तर नाहीच नाही. दुसरं उत्तर, "बॅटरीचा पंप घ्या." घ्या, हाताचे कष्ट वाचतात. पण झाकणाचा वायसर आणि बटणाची गळती बॅटरीनं बंद होत नाही. उलट हातपंपाचा दांडा हलका झाला की निदान हाताला कळतं.

आम्ही इतरांच्या कोडमधला बग शोधायला रात्र जागतो. सर्व्हर बंद पडला तर "नवीनच घ्या" म्हणणाऱ्याला मीटिंगमधून हाकलतील. तीच अक्कल गावाकडच्या वस्तूसमोर कुठं जाते हो? कारण तिथं चुकलो तर भिजणारी पाठ आपली नसते.

वायसर शेवटी बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडं मिळाला. त्यांनी डबा उपडा केला, तीन रबरी वायसर लावून बघितले, तिसरा बसला. तीस रुपये. मी दोन जास्तीचे मागून घेतले. घरी येऊन नोझलखाली माप धरून मिनिटभराचं पाणी मोजलं. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पडलं तर नोझल झिजलं समजायचं, तेवढं विष विनाकारण शेतात जातं. आमचं झिजलं होतं. तेही बदललं.

अण्णांनी पाण्यानं भरलेला पंप पाठीवर घेतला, परड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाले, "हात लावून बघ." सदरा कोरडा होता.

ऑनलाईन मागवलेला पंप बुधवारी लोणंदला पोचला. अण्णांनी फोनवर सांगितलं, खोक्यात जास्तीचा वायसर नव्हता.